‘पुन्हा’ या एका शब्दावर अडलेली केस : डॉ. रखमाबाई आणि कायदा ‘वाचण्याची’ गोष्ट

४ मार्च १८८७. मुंबई हायकोर्ट. न्यायमूर्ती फॅरन यांनी २२ वर्षांच्या एका मुलीसमोर दोन पर्याय ठेवले. एका महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा.

मुलीचं उत्तर तयार होतं. ती तुरुंगात जायला तयार होती.

या मुलीचं नाव रखमाबाई. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि भारतात प्रॅक्टिस करणाऱ्या पहिल्या काही महिला डॉक्टरांमध्ये त्यांची गणना झाली. २०१७ साली २२ नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिनी, गुगलने त्यांचं डूडल केलं तेव्हा अनेकांना त्यांचं नाव पहिल्यांदा कळलं.

पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. या निकालाच्या दीड वर्ष आधी, याच हायकोर्टाने, याच केसमध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला होता. मधल्या काळात कायद्याचं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदलला होता तो कायद्याचा अर्थ.

एकच कायदा दोन न्यायमूर्ती दोन तऱ्हेने कसा वाचतात? आणि त्यातला कुठला अर्थ चालतो, हे कोण ठरवतं? लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकवला जाणारा हा धडा रखमाबाईंना विशीच्या आत-बाहेर, स्वतःच्या आयुष्यावर शिकावा लागला.

आणि हा विषय फक्त इतिहासातला नाही. ठाण्यात, कल्याणमध्ये किंवा डोंबिवलीत फॅमिली केसेस घेणाऱ्या कुठल्याही वकिलाला नुसतं ‘कलम ९’ म्हणा. कशाबद्दल बोलताय ते त्यांना लगेच कळेल. ते कलम म्हणजे रखमाबाईंवर लावलेल्या दाव्याचाच आजचा वारस आहे.

घरातच सुरू झालेली शाळा

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. घर सुतार समाजातलं. रखमाबाई लहान असतानाच वडील गेले आणि अगदी तरुण वयात जयंतीबाई विधवा झाल्या.

त्या काळात उच्चवर्णीय मानल्या जाणाऱ्या घरांत विधवेचं पुन्हा लग्न जवळपास अशक्य होतं. सुतार समाजात मात्र पुनर्विवाहाची रीत होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. लग्नाआधी त्यांनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या, म्हणजे रखमाबाईंच्या नावावर करून दिली. ही मालमत्ता पुढे केसमध्ये पुन्हा येते, म्हणून लक्षात ठेवा.

सखाराम अर्जुन हे साधं नाव नव्हतं. ते ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले डॉक्टर आणि वनस्पतींचे जाणकार होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांमध्ये दोनच भारतीय होते. एक आत्माराम पांडुरंग आणि दुसरे सखाराम अर्जुन. रखमाबाईंच्या नावापुढे आज ‘राऊत’ लावलं जातं, ते याच सावत्र वडिलांचं आडनाव.

या घरात पुस्तकं होती, चर्चा होत्या. शाळेत फार काळ जाता आलं नाही तरी रखमाबाई घरी वाचत राहिल्या, इंग्रजी शिकल्या. आईबरोबर त्या प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या कार्यक्रमांना जात.

११ व्या वर्षी लग्न आणि मग नकार

सुधारक घर असूनही लग्न मात्र रीतीप्रमाणे झालं. रखमाबाई ११ वर्षांच्या असताना १९ वर्षांच्या दादाजी भिकाजींशी त्यांचं लग्न लावण्यात आलं. दादाजी हे सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले. ठरलं असं होतं की दादाजींनी घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं आणि पायावर उभं राहायचं.

तसं झालं नाही. दादाजींचं शिक्षणात मन रमेना. तब्येतही साथ देईना. शेवटी ते आपले मामा नारायण धुरमाजी यांच्याकडे राहायला गेले.

रखमाबाई वयात आल्यावर रीतीप्रमाणे गर्भाधानाचा आग्रह सुरू झाला. सखाराम अर्जुन डॉक्टर होते. इतक्या लहान वयात मुलीवर हे लादणं त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी नकार दिला. रखमाबाई आईच्याच घरी राहिल्या.

अशी वर्षं गेली. त्या मोठ्या झाल्या तसा हा नकार सावत्र वडिलांचा न राहता त्यांचा स्वतःचा झाला. ज्या लग्नाला आपण समजून-उमजून होकार दिलाच नाही, ते आपण का निभवायचं, असा त्यांचा सरळ सवाल होता.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलांमार्फत पत्र पाठवलं. माझ्या बायकोला माझ्याकडे पाठवा, असा त्याचा अर्थ. रखमाबाईंनी जायला नकार दिला आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई.

दादाजींची बाजूही होती. त्यांचं म्हणणं असं की बायकोला तिच्या घरच्यांनी अडवून ठेवलंय आणि त्यामागे खरं कारण तिच्या नावावर असलेली मालमत्ता आहे. रखमाबाईंनी हे साफ नाकारलं. पुढे दोघांनीही आपापली बाजू छापून लोकांसमोर मांडली.

एप्रिल १८८५ मध्ये, केस सुरू असतानाच, सखाराम अर्जुन यांचा मृत्यू झाला. रखमाबाईंचा सगळ्यात मोठा आधार गेला.

त्याच वर्षी जून आणि सप्टेंबरमध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने दोन पत्रं छापून आली. एक बालविवाहावर, दुसरं विधवांवर लादल्या जाणाऱ्या जिण्यावर. मुंबईत त्यांची जोरदार चर्चा झाली. ती लिहिणारी बाई म्हणजे रखमाबाईच होत्या, हे पुढे उघड झालं.

आधी समजून घेऊ : ‘कॉमन लॉ’ म्हणजे काय?

कोर्टात काय झालं हे कळायचं तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागेल.

जगात कायद्याच्या दोन मोठ्या परंपरा आहेत. एक फ्रान्स, पोर्तुगालसारख्या देशांची. तिथे कायद्याचा मुख्य आधार म्हणजे एकसंध लिहून काढलेली संहिता. आपल्या शेजारच्या गोव्यात कौटुंबिक बाबतीत आजही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालतो, तो या परंपरेतला.

दुसरी परंपरा इंग्लंडची. तिला ‘कॉमन लॉ’ म्हणतात. यात कायदा दोन ठिकाणांहून येतो. संसदेने किंवा विधिमंडळाने केलेले कायदे हे एक. आणि न्यायाधीशांनी दिलेले निकाल हे दुसरं. वरच्या कोर्टाने एखादा मुद्दा ठरवला, की खालच्या कोर्टाने तसाच प्रश्न आल्यावर तोच नियम लावायचा. या आधीच्या निकालाला ‘प्रिसिडेंट’, मराठीत ‘पूर्वनिर्णय’ म्हणतात.

सोपं उदाहरण घ्या. मुंबई हायकोर्टाने एखाद्या कलमाचा अर्थ लावला, तर कल्याणच्या किंवा ठाण्याच्या कोर्टातल्या न्यायाधीशांना तो पाळावा लागतो. तो त्यांना वैयक्तिकरीत्या पटतो की नाही, हा प्रश्नच येत नाही. सुप्रीम कोर्टाने वेगळा अर्थ लावला, तर मग हायकोर्टालाही तो पाळावा लागतो.

पण निकालपत्रातलं प्रत्येक वाक्य बंधनकारक नसतं. ज्या कारणावर निकाल उभा असतो, तेवढंच पुढे लागू होतं. त्याला ‘रेशिओ’ म्हणतात. न्यायाधीश जाता जाता जे मत व्यक्त करतात ते ‘ओबिटर’. ते वजनदार असू शकतं, पण बांधून ठेवत नाही.

राहिला प्रश्न लिहिलेल्या कायद्याचा. त्याचे शब्द कसे वाचायचे, यासाठी ढोबळमानाने तीन रस्ते सांगितले जातात. पहिला, शब्दाचा सरळ अर्थ घ्या. दुसरा, सरळ अर्थाने काहीतरी विचित्र घडत असेल तर तेवढ्यापुरता तो टाळा. याला ‘सुवर्ण नियम’ म्हणतात. तिसरा, कुठलं दुखणं दूर करायला हा कायदा आला ते बघा आणि त्या दृष्टीने वाचा. हा तिसरा नियम इंग्लंडमधल्या १५८४ च्या हेडन केसपासून चालत आलाय.

आता परत १८८५ च्या मुंबईत येऊ.

पहिला निकाल : जे कधी नव्हतंच, ते परत कसं आणणार?

दादाजींच्या दाव्याचं कायद्यातलं नाव ‘रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राइट्स’. मराठीत सांगायचं तर वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना, आणि बोलीभाषेत ‘नांदायला पाठवण्याचा दावा’.

हा दावा मूळचा भारतातला नाही. इंग्लंडमधल्या चर्चच्या कोर्टांत तो चालायचा. १८५७ नंतर तिथे तो साध्या कोर्टांकडे आला. भारतात ब्रिटिश कोर्टांनी तो इथल्या लोकांनाही लावायला सुरुवात केली. १८६७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या आपल्या सर्वोच्च अपील कोर्टाने, एका मुस्लीम जोडप्याच्या केसमध्ये असा दावा भारतातल्या दिवाणी कोर्टात चालू शकतो असं ठरवलं. हा झाला पूर्वनिर्णय.

आणि लिहिलेला कायदाही होता. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २६०. नांदण्याचा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकता येईल, त्याची मालमत्ता जप्त करता येईल किंवा दोन्ही करता येईल, असं ते सांगत होतं.

म्हणजे वरवर पाहता दादाजींची बाजू भक्कम होती. रखमाबाईंच्या बाजूने वकीलही तगडे होते. लॅथम, इन्व्हेरॅरिटी आणि पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेले काशीनाथ त्र्यंबक तेलंग.

केस न्यायमूर्ती पिन्हे यांच्यासमोर आली. २१ सप्टेंबर १८८५ रोजी त्यांनी दादाजींचा दावा फेटाळला.

त्यांचा मुद्दा दाव्याच्या नावातच होता. पुनर्स्थापना म्हणजे जे आधी होतं ते परत आणणं. नवरा-बायको एकत्र राहत होते, मग एक जण निघून गेला, तर ते सहजीवन परत सुरू करा असं कोर्ट सांगू शकतं. पण हे दोघं एक दिवसही संसार करून राहिले नव्हते. मग परत आणायचं काय? हा दावा पुनर्स्थापनेचा नव्हेच. संसार पहिल्यांदा सुरू करून द्या, अशी ती मागणी आहे आणि त्यासाठी कायद्यात कुठलाही आधार किंवा पूर्वनिर्णय नाही, असं पिन्हे यांनी ठरवलं.

थोडक्यात, सगळी केस ‘पुन्हा’ या एका शब्दावर येऊन थांबली.

पिन्हे आणखीही बोलले. लहानपणी संमतीशिवाय लग्न झालेल्या तरुण मुलीला इच्छेविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या हवाली करणं हे क्रूर आणि रानटी ठरेल, असं मत त्यांनी नोंदवलं. हा दावाच मुळात हिंदू कायद्यातला नसून इंग्लंडमधून इथे आणून लावलेला आहे, हेही त्यांनी सांगितलं. माणूस म्हणून हे बोलणं मोठं होतं. पण अपिलात टिकायला भावना पुरत नाही. टिकायला हवा होता तो ‘पुन्हा’चा युक्तिवाद.

बाहेर पेटलेला वाद

निकाल आला आणि महाराष्ट्र दोन गटांत वाटला गेला.

‘इंडियन स्पेक्टेटर’चे संपादक बेहरामजी मलबारी रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या मदतीसाठी समितीही स्थापन झाली. दुसरीकडे दादाजींच्या बाजूनेही लोक उभे राहिले. ‘मराठा’ आणि ‘केसरी’तून लोकमान्य टिळकांनी पिन्हे यांच्यावर टीका केली. इंग्रज न्यायाधीशाला हिंदू कायदा कळलेलाच नाही आणि समाजसुधारणा कोर्टाच्या हुकमाने लादता येणार नाही, असा त्यांच्या टीकेचा सूर होता.

गंमत अशी की हिंदू धर्माच्या रक्षणासाठी जो दावा जिंकायचा होता, तो दावाच इंग्रजी चर्चच्या कोर्टातून आला होता.

दुसरा निकाल : तोच कायदा, वेगळं वाचन

१८८६ मध्ये अपील मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांच्यासमोर आलं. त्यांनी पिन्हे यांचा निकाल फिरवला.

त्यांनी वेगळा प्रश्न विचारला. या दाव्याचा गाभा काय? तर लग्न झालेल्यांनी एकत्र राहणं हे त्यांचं कर्तव्य आहे. हिंदू कायद्याने विवाहविधी पूर्ण झाला की लग्न पूर्ण होतं. मग एक जण ते कर्तव्य टाळत असेल, तर ते संसार सुरू होण्याआधी टाळलं की नंतर, याने काय फरक पडतो? कर्तव्य दोन्हीकडे मोडलंच.

म्हणजे पिन्हे यांनी शब्द धरला आणि अपील कोर्टाने त्यामागचं तत्त्व धरलं. आपल्याला वाटतं की शब्दाला चिकटणारे न्यायाधीश कठोर आणि हेतू बघणारे उदार. इथे नेमकं उलटं झालं. शब्दाने रखमाबाईंना वाचवलं होतं आणि हेतूने पुन्हा अडकवलं. कारण हेतू कुणाचा धरायचा, हे शेवटी वाचणाराच ठरवतो. कोर्टाने दावा लावणाऱ्याचा हक्क पाहिला. अकराव्या वर्षी जिची संमती कुणी विचारलीच नाही, तिची बाजू त्या हेतूत कुठेच बसत नव्हती.

केस परत एकट्या न्यायाधीशासमोर पाठवण्यात आली. यावेळी समोर होते न्यायमूर्ती फॅरन. आणि आता प्रिसिडेंटचा नियम आडवा आला. दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने मुद्दा ठरवून टाकला होता. फॅरन यांना तो पाळणं भाग होतं. पिन्हे यांचा रस्ता त्यांच्यासाठी बंद झाला होता.

कल्याणची यमुना, मुंबईची रखमा

फॅरन यांचा निकाल यायच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या. कल्याणच्या जोशी घराण्यात वाढलेली ही यमुना रखमाबाईंपेक्षा अवघ्या चार महिन्यांनी लहान. दोघींची लग्नं लहानपणीच झाली. नवव्या वर्षी लग्न झालेल्या यमुनेला नवऱ्याने, गोपाळरावांनी, शिकायला भाग पाडलं. ती अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली आणि परतल्यावर काही महिन्यांतच आजाराने गेली.

दोघींच्या आयुष्याची दिशा लग्नाने ठरवली होती. एकीच्या बाबतीत नवऱ्याने शिक्षणाचा हट्ट धरला, दुसरीच्या बाबतीत नांदण्याचा. दोघींपैकी कुणाच्याही हातात तो निर्णय नव्हता. रखमाबाईंनी तो हातात घ्यायचं ठरवलं आणि त्याची किंमत सहा महिन्यांची कैद असेल तर तीही मोजायची तयारी दाखवली.

इथे एक विरोधाभास बघण्यासारखा आहे. ज्या इंग्लंडमधून हा दावा आला, तिथे नांदायला नकार दिला म्हणून तुरुंगात टाकणं १८८४ मध्येच बंद झालं होतं. निमित्त होतं वेल्डन नावाच्या जोडप्याची केस. तिथे दावा बायकोने लावला होता आणि तुरुंगात जायची वेळ नवऱ्यावर आली होती. संसदेने कायदाच बदलला. भारतातलं कलम २६० मात्र तसंच राहिलं. त्यामुळे १८८७ मध्ये लंडनमधल्या बाईला जी शिक्षा होऊ शकत नव्हती, ती मुंबईतल्या बाईला सुनावली गेली.

राणीने लग्न मोडलं? नाही

रखमाबाईंवरच्या अनेक पोस्टमध्ये लिहिलेलं असतं की त्यांनी व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं आणि राणीने हुकूम काढून लग्न रद्द केलं. गोष्ट म्हणून छान आहे, पण केस तशी संपली नाही.

रखमाबाईंनी फॅरन यांच्या निकालाविरुद्ध अपील केलं. सरकारपुढे पेच होता. त्यांना तुरुंगात टाकलं तर जगभर बोभाटा होणार आणि न टाकावं तर कोर्टाच्या हुकमाला अर्थ उरणार नाही. अखेर जुलै १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. २,००० रुपये घेऊन दादाजींनी आपला दावा सोडला. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत.

पण लग्न मोडल्याचा निकाल कुठल्याही कोर्टाने दिला नाही. देताही आला नसता, कारण तेव्हाच्या हिंदू कायद्यात घटस्फोटच नव्हता. दादाजींनी पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. पुरुषाला ती मुभा होती. रखमाबाई कायद्याने त्यांच्या पत्नीच राहिल्या.

हा फरक महत्त्वाचा आहे. राणीची गोष्ट खरी मानली तर वाटतं की प्रश्न सुटला. खरं तर फक्त ती केस मिटली. सार्जंट आणि बेली यांचा निकाल पूर्वनिर्णय म्हणून जागेवरच राहिला आणि पुढच्या प्रत्येक बाईला लागू होत राहिला.

डॉक्टर रखमाबाई

मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी पाठिंबा दिला, पैसे उभे करायला मदत केली. होळकर संस्थानातूनही मदत आली. १८८९ मध्ये रखमाबाई लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या. तिथे असतानाही त्यांनी बालविवाहाविरुद्ध इंग्रजी नियतकालिकात लेख लिहिला.

१८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. भारतात परतल्यावर काही काळ कामा हॉस्पिटलमध्ये आणि नंतर सुरतमध्ये त्यांनी काम केलं. सुरतमध्ये दोन दशकांहून जास्त काळ त्या राहिल्या. त्यानंतर राजकोटच्या जनाना हॉस्पिटलमध्ये, जवळपास १९३० पर्यंत. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा दुखणं अंगावर काढणाऱ्या हजारो बायकांसाठी त्या होत्या. निवृत्तीच्या सुमाराला त्यांनी पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून पुस्तिकाही लिहिली.

१९०४ मध्ये दादाजी गेले. त्यानंतर रखमाबाई विधवेची पांढरी साडी नेसू लागल्या, असं सांगितलं जातं. ज्यांच्याकडे नांदायला जायचं नाही म्हणून त्या तुरुंगात जायला तयार होत्या, त्यांच्यासाठी पांढरी साडी का? याचं उत्तर त्यांच्याबरोबर गेलं. पण कायद्याच्या कागदावर तरी त्या त्या दिवशी खरोखरच विधवा झाल्या होत्या.

कायद्याचं पुढे काय झालं?

न्यायाधीशांनी बंद केलेला रस्ता दोघंच उघडू शकतात. वरचं कोर्ट किंवा विधिमंडळ. इथे विधिमंडळ हळूहळू हललं.

१८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा आला आणि वय १० वरून १२ करण्यात आलं. त्यामागे कलकत्त्यातल्या फुलमणी या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं, तसंच रखमाबाईंच्या केसने पेटलेला वादही होता. १९२३ मध्ये नांदण्याचा हुकूम मोडल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद काढून टाकण्यात आली. मालमत्तेवरची जप्ती मात्र राहिली.

मग आलं १९५५. १८ मे रोजी हिंदू विवाह कायदा मंजूर झाला. हिंदू बाईला देशभर घटस्फोटाचा हक्क मिळाला. रखमाबाईंना ज्याची गरज होती तो हाच हक्क. पण याच कायद्यात कलम ९ म्हणून वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेलाही जागा देण्यात आली.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, रखमाबाई गेल्या. कायदा मंजूर होऊन जेमतेम चार महिने झाले होते.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने कलम ९ घटनाबाह्य ठरवलं. इच्छेविरुद्ध कुणाबरोबर राहायला भाग पाडणं म्हणजे खासगी आयुष्यावर आणि स्वतःच्या शरीरावरच्या हक्कावर घाला, असं त्या कोर्टाचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी सरोज राणी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने वेगळा अर्थ लावला. संसार टिकवायला मदत करणं हा या कलमाचा हेतू आहे, असं म्हणत त्यांनी ते वैध ठरवलं. पुन्हा तेच. कलम एकच, वाचन दोन. आणि वरच्या कोर्टाचं वाचन सगळ्यांना लागू.

इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये कायमचा रद्द केला. आपल्याकडे २०१९ मध्ये कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी कलम ९ ला सुप्रीम कोर्टात नव्याने आव्हान दिलं.

आज कुणाला कलम ९ ची नोटीस आली, तर घाबरून जाऊ नये. पण दुर्लक्षही करू नये. पोलीस येऊन हाताला धरून सासरी नेऊन सोडतील असा याचा अर्थ होत नाही. वेगळं राहण्याचं योग्य कारण असेल तर ते कोर्टात मांडता येतं. हुकूम झाला आणि वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, तर दोघांपैकी कुणालाही त्या आधारावर घटस्फोट मागता येतो. त्यामुळे नांदायला बोलावण्याचा हा दावा कित्येकदा वेगळं होण्याची पहिली पायरी ठरतो.

रखमाबाईंची केस चालली ते हायकोर्ट आजही त्याच दगडी इमारतीत आहे. ठाणे-डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटीला उतरलं की तिथवर चालत जाता येतं. त्या इमारतीत १८८५ मध्ये एका न्यायाधीशाने कायदा वाचताना एका शब्दापाशी थांबून विचारलं होतं, की जे कधी सुरूच झालं नाही ते परत कसं सुरू करायचं? सहा-सात महिन्यांतच तो प्रश्न खोडला गेला. पण ज्या मुलीमुळे तो विचारला गेला, तिने खोडलेलं उत्तर मान्य केलं नाही.